मंगळवार, सकाळी अकरा

मंगळवारी नागपूरहून सौसरकडं जाणाऱ्या बसमध्ये बसायला जागा मिळणं कठीण. पिशव्यांतून नारळ डोकावत असतात, रुईच्या पानांच्या माळा असतात, आणि दोन बायकांच्या मध्ये गच्च धरून बसवलेली एखादी सून किंवा लेक असते, खिडकीबाहेर बघणारी. ही गर्दी जामसावळीची. सौसरजवळच्या या देवस्थानात पिंपळाखाली पहुडलेला हनुमान आहे. ज्याला बाधा झाली, ज्याच्या अंगात काही शिरलं, त्याला तिथं न्यायचं, ही या पट्ट्यातली जुनी रीत. सावनेर मागं पडतं, सातनूरचा नाका ओलांडला की महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेश लागतो. दुकानांच्या पाट्या हिंदी होतात, बोलणं मात्र वऱ्हाडी-नागपुरी ढंगाचं तसंच राहतं. बोरगाव आलं की औद्योगिक क्षेत्रातले कामगार भराभर उतरतात. त्यांच्याबरोबर फायलींची पिशवी आणि जेवणाचा डबा सांभाळत एक बाईही उतरतात. बस पुढं जाते.

बरेच दिवस कंडक्टरला वाटत होतं, बाई कंपनीत नोकरीला असाव्यात. एकदा त्यानं विचारलंच. समुपदेशक आहे, असं त्यांनी सांगितल्यावर तो क्षणभर थांबून म्हणाला, "म्हंजे समजवनारी?" बाई हसल्या. पुढं त्यांना वाटलं, या व्याख्येत एक गोम आहे. त्यांच्याकडं येणाऱ्या माणसांना आजवर सगळ्यांनी समजावलेलंच होतं. समजून कुणी घेतलं नव्हतं.

या बाईंचं नाव इथं येणार नाही. ज्यांच्याविषयी त्या बोलल्या त्यांचं वय, काम, घरदार यांतलंही बरंच बदललं आहे. बोरगाव लहान आहे.

*

त्यांच्या पिशवीतली सर्वांत जाड फाइल एका मुलीची. पहिल्या भेटीच्या वेळी ती एकवीस वर्षांची होती. वडिलांची थोडी संत्र्याची बाग, आई घरचं बघून मजुरीला जाणारी, आणि ही एका ठेकेदारामार्फत कारखान्यात पॅकिंगला. ऐन उन्हाळ्यातही ती पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालायची. फाइल जाड होण्याचं कारण असं की छिंदवाडा, नागपूर, मध्ये दोन खासगी दवाखाने अशी बरीच फिरफिर झाली होती. एका कागदावर नैराश्य, दुसऱ्यावर बायपोलर, एका जुन्या चिठ्ठीवर हिस्टेरिया. एका ठिकाणी तर निदानाच्या रकान्यात इंग्रजीत दोनच शब्द खरडलेले होते. त्यांचा अर्थ एवढाच, की लक्ष वेधून घेते.

घरात याच निदानाला मराठी शब्द होता: नाटक.

सकाळी मैत्रिणीला जिवापाड जपणारी ही मुलगी, त्या मैत्रिणीनं दुपारी फोन उचलला नाही की संध्याकाळी तिचं तोंड बघायला तयार नसायची. लग्न ठरलं तेव्हा होणारा नवरा देवमाणूस होता. एका कार्यक्रमात तो तिच्याशी न बोलता मित्रांत रमला, त्या रात्री तो हलकट ठरला. सोयरीक मोडली. मग रडणं, त्याला पन्नास फोन, स्वतःच्या हातावर राग काढणं आणि दुसऱ्या दिवशी काहीच न झाल्यासारखं कामावर जाणं. बाईंनी विचारलं, राग उतरल्यावर कसं वाटतं? ती म्हणाली, "राग होता तवरोक बरं होतं, मॅडम. तो गेला का आत निस्तं रिकामं. माल उतरवल्यावर क्रेट राह्यते ना, तसं."

पोकळी म्हणजे काय, हे बाईंनी पुस्तकात वाचलं होतं. संत्र्याचा रिकामा क्रेट त्यात नव्हता.

वैद्यकात या दुखण्याचं नाव बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार. नाव मोठं फसवं आहे. १९३८ मध्ये अॅडॉल्फ स्टर्न या अमेरिकी मनोविश्लेषकानं ज्या रुग्णांसाठी हा शब्द वापरला ते त्या काळच्या दोन्ही खणांत बसत नव्हते. भीती-चिंतेचे सौम्य आजार एका बाजूला, वास्तवाचं भान सुटणारे तीव्र आजार दुसऱ्या बाजूला, आणि हे लोक मधल्या हद्दीवर. पुढं ते हद्दीचं गणित कुणी मानेनासं झालं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या अधिकृत यादीत त्याला जागा मिळाली. आजच्या यादीत नऊ लक्षणं आहेत आणि त्यांतली किमान पाच दीर्घकाळ दिसली तर निदान होतं. सोडून दिलं जाण्याची जिवघेणी धास्ती, देव आणि दानव यांच्यात हेलकावणारी नाती, मी कोण याचा न लागणारा पत्ता, उतावीळपणा, स्वतःला इजा, तासातासाला पालटणारी मनःस्थिती, रिकामपण, अनावर राग, आणि ताण फार झाला तर काही काळ सुटणारं भान. आपल्या ओळखीत कुणी या वर्णनात बसतं का, असा विचार वाचकाच्या मनात आलाच असेल. तो जरा बाजूला ठेवावा. यांतल्या दोन-तीन गोष्टी वीस वर्षांच्या कुणातही सापडतील. हे निदान तज्ज्ञानं वेळ घेऊन करायचं असतं, आणि वेळच तर कुठं नसतो.

बायपोलरशी गल्लत होते ती त्यामुळंच. त्या आजारात चढ-उतार अनेक दिवस किंवा आठवडे टिकतात. इथं सकाळ-दुपार-संध्याकाळ असे तीन ऋतू होतात आणि बहुतेक वेळा त्यांच्यामागं माणूस असतो: न उचललेला फोन, बदललेला आवाज, ताटावरून उठून गेलेला बाप. पाच मिनिटांच्या तपासणीत हे दिसत नाही, म्हणून गोळ्या वाढत जातात. या मुलीच्या पिशवीत एकदा सात प्रकारच्या पट्ट्या निघाल्या. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००९ मध्येच मार्गदर्शक सूचनेत सांगून ठेवलं आहे की खास या विकारासाठी म्हणून औषध देऊ नये. सोबत नैराश्य वगैरे असेल तर त्यावर जरूर द्यावं. मुख्य उपचार बोलण्याचा आहे, आणि तो लांब चालतो.

*

बाईंची सर्वांत मोठी अडचण मुलगी नव्हती, तिचे वडील होते. वाईट माणूस नव्हे. रोज पहाटे बागेत जाणारा, कमी बोलणारा. त्यांचा प्रश्न साधा होता: "हिची बहीन याच घरात वाढली. तिले काही झालं नाई. मंग हिलेच काहून?"

या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर बाईंना पाठ होतं. मार्शा लिनेहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. त्यांनी डीबीटी म्हणून ओळखली जाणारी उपचारपद्धती घडवली, १९९१ मध्ये तिची पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध केली आणि १९९३ मध्ये ग्रंथ. त्यांचं म्हणणं असं, की काही माणसं जन्मतःच भावनेच्या बाबतीत हळवी असतात. लवकर पेटतात, जास्त पेटतात आणि विझायला वेळ लागतो. त्यात भोवतालचं घर 'तुला काही होत नाहीये' असंच सांगत राहिलं, तर त्या मुलाला स्वतःच्या भावना ओळखायला आणि आवरायला शिकताच येत नाही. शरीर आणि परिसर, दोन्ही मिळून. जुळ्यांवरच्या अभ्यासांतही आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास निघतो. बाईंनी हे सगळं सोपं करून सांगितलं. वडील ऐकत होते, पण चेहरा कोरा.

थोड्या वेळानं त्यांनीच तोंड उघडलं. "बागेले ताण देतो आमी, तसंच म्हना ना."

बाई शहरातल्या. त्यांना वाटलं, बोलण्यातला ताण. मग वडिलांनी समजावलं. संत्र्याला बहार धरायचा तर काही आठवडे पाणी तोडायचं, यालाच ताण देणं म्हणतात. झाड सुकल्यासारखं होतं, पानं मलूल पडतात, मग पाणी दिलं की फुलतं. पण किती दिवस पाणी तोडायचं हे जमीन पाहून ठरतं. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, तिथं जास्त दिवस चालतं. हलक्या, मुरमाड जमिनीत तेवढेच दिवस ताण दिला तर झाड जातं. "एकाच बागेत दोन तऱ्हेची जमीन राह्यते, मॅडम. पान्याचा हिशोब एकच ठेवला का एक बाजू जळते."

त्यानंतर त्या बापाला काही समजावावं लागलं नाही. उलट लिनेहान यांचा सिद्धांत सांगायचा प्रसंग आला की बाई आता जमिनीपासूनच सुरुवात करतात. या पट्ट्यात तो प्रत्येकाला कळतो. फक्त एक दुरुस्ती त्या जोडतात. झाडाला ताण मुद्दाम आणि बेतानं दिला जातो. या मुलांना तो बहुतेक वेळा नकळत मिळालेला असतो, कधी कधी फार क्रूरपणेही. लहानपणी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झालेल्यांचं प्रमाण या रुग्णांत बरंच मोठं आहे. मात्र प्रत्येकाच्या मागं तसं काही असतंच असं नाही, आणि प्रत्येक आईबापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून काही साधतही नाही.

*

आता बाईंची स्वतःची चूक. ती त्या लपवत नाहीत. नव्या कार्यकर्त्यांना शिकवताना सर्वांत आधी सांगतात.

सुरुवातीला त्या मुलीनं त्यांना अक्षरशः डोक्यावर घेतलं. आजवर भेटलेल्या सगळ्यांत तुम्हीच एक माणूस आहात, असं ती म्हणायची. कुणाला हे गोड लागणार नाही? बाईंनी स्वतःचा मोबाइल नंबर दिला, कधीही फोन कर म्हणाल्या. फोन येऊ लागले. रात्री अकराला, दोनला, पहाटे चारला. बाई उचलायच्या. घरी मुलाची दहावी होती. तीन महिन्यांत त्या थकल्या आणि थकलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं: काही न सांगता फोन उचलणं कमी केलं, भेटीत आवाज कोरडा ठेवला. मुलीनं हे पहिल्याच दिवशी टिपलं. या माणसांचा तो कान फार तिखट असतो. तिनं भर भेटीत त्यांना ढोंगी म्हटलं, दार आपटून गेली. बाई ज्या संस्थेत काम करत तिथं दोन तट पडले. परिचारिका म्हणाली, ही सगळ्यांना खेळवते. बाईंना वाटत होतं, परिचारिकेला हृदयच नाही. मुलीच्या आतली फाळणी जशीच्या तशी टीममध्ये उतरली होती, आणि ते त्यांच्यातल्या कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

दोन आठवड्यांनी दुपारी तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, पोरीनं दवाई घेतली."

बाईंच्या तोंडून निघालं, "बरं झालं. वेळेवर घेतली ना?"

पलीकडं शांतता. मग आईचा हुंदका. इथं फवारणीच्या विषालाही औषध म्हणतात, दवाईच म्हणतात. दुकानाच्या पाटीवर तेच, बिलावर तेच. संत्र्याच्या पट्ट्यात पंधरा वर्षांपासून कामासाठी येणाऱ्या बाईंना हा शब्द माहीत नव्हता असं नाही. पण त्या क्षणी सुचला नाही. ती चार-पाच सेकंदं त्यांना अजून ऐकू येतात.

मुलगी वाचली. शेजाऱ्याची मोटारसायकल दारात होती आणि दवाखाना गाठता आला, एवढंच. दवाखान्यात तिला शुद्ध आल्यावर कुणीतरी तिच्या देखतच म्हणालं, मरायचं असतं तर मेली असती. कोणता दवाखाना, कोण म्हणालं, याला महत्त्व नाही. हे वाक्य बाईंनी अनेक ठिकाणी ऐकलं आहे आणि ते बोलणारी माणसं रात्रपाळीनं वाकलेली असतात. पण ते साफ चूक आहे. ज्यांनी एकदा स्वतःला इजा केली त्यांचा पुढचा धोका वाढलेला असतो, आणि या विकारात आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे.

घरच्यांना पोलिसांची भीती होती. गुन्हा दाखल होईल, नाव पेपरात येईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं, आणि तिची काळजी घेणं, पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर दंडसंहितेतलं ३०९ कलम त्या रूपात उरलंच नाही. बाई ११५ व्या कलमाचा हिंदी कागद पिशवीत ठेवतात. घडी घालून घालून तो फाटायला आला आहे.

*

त्या प्रसंगानंतर बाईंनी एका ज्येष्ठ मानसोपचारतज्ज्ञांकडं जाऊन कबुली दिली, की मला डीबीटी येत नाही, नागपुरातही ती पूर्ण स्वरूपात मिळणं अवघड आणि दर आठवड्याला तिथं जाण्याचा खर्च या घराला झेपणारा नाही, तेव्हा मी हे प्रकरण सोडते. त्यांनी बाईंना टोरोंटोतल्या एका चाचणीविषयी सांगितलं. २००९ मध्ये शेली मॅकमेन आणि सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. १८० रुग्ण, वर्षभर उपचार. निम्म्यांना डीबीटी, निम्म्यांना अनुभवी डॉक्टरांकडून नीट आखलेली, नियमित पण साधी मानसोपचार देखभाल. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. दुसऱ्या गटाची पद्धत बॉस्टनचे डॉ. जॉन गुंडरसन यांच्या विचारांवर बेतलेली होती. आजार समजावून सांगा, नातं आणि प्रसंग यांचा माग घ्या, कामधंद्यावर भर द्या, घाबरू नका, सातत्य ठेवा.

बाईंच्या मते हे ऐकून त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं आणि वाढलंही. महागडं तंत्र नसल्याची सबब आता चालणार नव्हती.

मंगळवार, सकाळी अकरा, पन्नास मिनिटं. उशीर झाला तरी बारा वाजायला दहा कमी असताना भेट संपणार. फोन संध्याकाळी सहा ते सात, दहा मिनिटं. आणि एक अट, जी ऐकून मुलगी आधी चिडली: इजा केल्यानंतर नव्हे, करावंसं वाटेल तेव्हा फोन करायचा. रात्रीसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो देशभर चोवीस तास चालतो, वीस भाषांत बोलता येतं. मुलगी म्हणाली, हिंदीत रडता येत नाही. तिची शाळा हिंदीतली, पण घरातलं भांडण मराठीत. तेव्हा भाषा कशी निवडायची, काय बोलायचं, याची बाईंनी तिच्याबरोबर दोनदा तालीम केली. पहिला फोन तिनं बाईंच्या समोरच लावला.

मग शब्दांचं काम सुरू झालं. सहा महिने तेच. 'कसंतरी होते' यापलीकडं तिच्याकडं शब्द नव्हता. बाईंनी वहीत दोन बाजू केल्या: अंगात काय होतं आणि त्याला नाव काय. छातीत धडधड, कानशिलं गरम, हाताला मुंग्या. जीव घाबरा होणं वेगळं, जीव जळणं वेगळं, जीवाला लागणं वेगळं. जीव उडाला, जीव टांगला, जीव खाली पडला. जीव या एका शब्दावर मराठीनं केवढा कारखाना उभारला आहे! आपल्या आईआज्यांनी मनाचा नकाशा फार बारकाईनं काढून ठेवला आहे, तो या कामात वापरायचं कुणाला सुचत नाही आणि सगळे इंग्रजी तक्ते भाषांतरित करत बसतात. एका मंगळवारी ती म्हणाली, "त्या दिवशी राग नव्हता आला, मॅडम. जीव टांगला होता. तो सोडून जाईल म्हनून." बाईंनी तारीख टाकून ते लिहून ठेवलं आहे.

वादळ चढलं की काय करायचं, याचंही एक कार्ड झालं. त्यात पहिली ओळ माठाची. थंडगार पाण्यात तोंड बुडवून श्वास रोखून धरायचा, थोड्या वेळानं पुन्हा. अशानं हृदयाची गती मंदावते. लिनेहान यांच्या कौशल्यांत हे आहे, आणि बोरगावच्या मे महिन्यात ते करायला कुणाचा नकार नसतो. आईनं त्यासाठी वेगळं घमेलं ठेवलं.

वडिलांनी त्यांचं काम आपणहून उचललं. फवारणीचे डबे आजवर पलंगाखाली असायचे. बऱ्याच शेतकरी घरांत असतात, कारण माल महाग आणि चोरीची भीती. त्यांनी लोखंडी पेटी आणली, बागेतल्या पंपाच्या खोलीत ठेवली, कुलूप लावलं. किल्ली आजीच्या कनवटीला. बाईंच्या सगळ्या उपचारांत कदाचित हीच गोष्ट सर्वांत मोलाची होती. त्या टोकाच्या इच्छेची लाट पुष्कळदा मिनिटांत येते आणि मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ हाताशी काय आहे यावर सगळं अवलंबून असतं. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर १९९५ पासून एकामागून एक बंदी आणली, तेव्हा पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आलं. लोकांची दुःखं काही सत्तर टक्क्यांनी कमी झाली नव्हती. आपल्याकडं २०२२ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानं १,७०,९२४ आत्महत्या नोंदवल्या. सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रात. मध्य प्रदेश तिसरा, १५,३८६. सातनूरचा नाका या दोन आकड्यांच्या मध्ये उभा आहे.

*

जामसावळीविषयी बाईंचं मत बदलत गेलं. आधी त्यांना त्या बसमधल्या गर्दीचा राग यायचा. मुलीची आई तिला तिथं अनेकदा घेऊन गेली होती. बाईंनी एकदा मुलीलाच विचारलं, तिथं काय वाटतं? ती म्हणाली, तिथं मी ओरडले तरी कुणी नाटक म्हणत नाही.

या उत्तरानं त्या विचारात पडल्या. बाधा हे निदान शास्त्राच्या दृष्टीनं चूक, पण त्यात एक दया आहे. बाधेत दोष बाहेरच्या शक्तीचा असतो, माणूस निर्दोष राहतो आणि घरचे सगळे त्याच्या बाजूनं उभे राहतात. नाटक म्हटलं की उलट होतं. शिकलेल्या डॉक्टरनं 'लक्ष वेधून घेते' असं लिहावं आणि पोथी न वाचलेल्या आजीनं 'लेकराले त्रास हाय' म्हणावं, यांत जास्त खरं कोण? अर्थात बाधा उतरली नाही की ती दया आटते, मारझोडही होते, आणि त्यात वर्षं जातात. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ एकत्र आणण्याचा प्रयोग झाला, भाविक आणि डॉक्टर एकाच आवारात. इथं तसं काही नाही. बाईंनी आईशी एवढाच करार केला: शनिवार देवाचा, मंगळवार माझा. मंगळवारी देवाची ओढ जास्त, त्यामुळं आईनं बरीच घासाघीस केली.

बाईंच्या यादीत पुरुष मात्र कमी आहेत, आणि ते त्यांना खटकतं. दवाखान्यांत या विकाराच्या रुग्णांत बायका कितीतरी जास्त दिसतात, पण समाजात जाऊन केलेल्या मोठ्या पाहण्यांत फरक फार लहान निघतो. मग पुरुष जातात कुठं? बोरगावात त्याचं उत्तर दारूच्या दुकानात आणि ठाण्यात सापडतं. एक ठेका कामगार तीन वर्षांत आठ कंपन्या सोडून बसला. सुपरवायझर आधी बापासारखा, मग जानी दुश्मन. बायको माहेरी गेली की हा स्वतःचं डोकं भिंतीवर आपटून घ्यायचा आणि ती परत आली की तिच्यावर हात उगारायचा. त्याला कुणी मंदिरात नेलं नाही की दवाखान्यात. त्याच्यासाठी गावाकडं तयार शब्द होता, तापट. तो बाईंकडं दोनदा आला. दुसऱ्यांदा पिऊन. तिसऱ्यांदा आला नाही.

*

राहिला प्रश्न नावाचा. मुलीला तिच्या आजाराचं नाव सांगायचं का? बाईंनी वर्षभर टाळलं. 'व्यक्तिमत्त्व विकार' हा शब्दच असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, अख्खा माणूसच बिघडला म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात नावांची मांडणी बदलली, तरी बॉर्डरलाइन हा शब्द एका नमुन्याच्या रूपात उरलाच. शेवटी मुलीनं तो मोबाइलवर शोधला. अशा मुलींपासून दूर राहा, असं सांगणारे व्हिडिओ तिला आधी सापडले. ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते.

तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं. हेही सांगितलं की ही पद्धत घडवणाऱ्या लिनेहान स्वतः सतरा वर्षांच्या असताना, १९६१ मध्ये, अमेरिकेतल्या एका मनोरुग्णालयात दाखल होत्या, स्वतःला इजा करत होत्या, आणि २०११ मध्ये त्यांनी हे जाहीरपणे सांगितलं. मेरी झानारिनी या संशोधिकेनं २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. दहा वर्षांत ९३ टक्क्यांची लक्षणं ओसरून निदान दोन वर्षं तरी ओसरलेलीच राहिली. नोकरी, नाती, सगळं नीट बसलं असं मात्र निम्म्यांच्याच बाबतीत म्हणता आलं. बाईंनी दुसरा आकडा गाळला नाही. मुलगी बोटांवर मोजत होती. "दहा वर्सं? मंग मी बत्तीसची होईन." थोडं थांबून, "तशीही होनारच हावो म्हना."

मग तिनं विचारलं, नाव बॉर्डर काहून? बाईंनी स्टर्नची हकिकत सांगितली. दोन आजारांच्या मधली हद्द. ती हसायला लागली. आमचं तर गावच बॉर्डरवर, म्हणाली. इकडच्या दवाखान्यात म्हणतात नागपूरला जा, तिकडं विचारतात तुम्ही एमपीचे का. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा जिल्हा झाला, छिंदवाड्यातून सौसर आणि पांढुर्णा बाहेर पडले, तेव्हा लोकांना वाटलं आता सगळं जवळ येईल. कागदावर जिल्हा लवकर होतो. मानसोपचारतज्ज्ञ मिळायला अवधी लागतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत विश्राम प्रकल्पानं दाखवून दिलं होतं की गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी दारोदार जाऊन काम केलं तर नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर जातं. तो अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट सायकायट्रीत छापून आला. बॉर्डरलाइनसाठी तसं कुणी करून पाहिलेलं बाईंच्या तरी कानावर नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाईंना शस्त्रक्रियेसाठी तीन आठवडे सुट्टी घ्यावी लागली. पूर्वी त्यांनी आदल्या दिवशी फोन करून कळवलं असतं. या वेळी दीड महिना आधी सांगितलं. मुलगी एक भेट अबोल राहिली, पुढच्या भेटीला आलीच नाही. त्यानंतर आली तेव्हा तिनं घरच्या कालनिर्णयचं पान फाडून आणलं होतं. मंगळवारच्या तीन चौकोनांत बाईंनी 'सुट्टी' लिहिलं आणि चौथ्यात 'अकरा'. त्या मधल्या काळात टेलिमानसला दोन फोन झाले, एकदा घमेलं निघालं, एकदा आईशी कडाक्याचं भांडण होऊन आजीनं किल्ली कनवटीवरून काढून ब्लाऊजमध्ये ठेवली.

चौथ्या मंगळवारी बस सावनेरला अडकली. बाई पोचल्या तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मुलगी पायरीवर बसली होती, हातात ते पान.

"पंधरा मिन्टं लेट," ती म्हणाली. "पन संपनार तर दहा कमी बारालेच ना?"

"दहा कमी बारालाच," बाई म्हणाल्या आणि कुलूप उघडायला लागल्या.